‘उपार्जित पद्धत’ आणि हातात न आलेली ‘जमा’

प्रश्न : शालेय गणवेश शिवून देण्याचा आमचा लहान व्यवसाय आहे. मार्चमध्ये ८०,००० रुपयांचा माल पोचता करून बिल दिले. पैसे जूनमध्ये मिळतील. हिशेबनीस म्हणतात की ‘उपार्जित पद्धती’ने ही रक्कम मार्चमध्येच जमा धरावी लागेल. न मिळालेला पैसा ‘जमा’ कसा होतो?

उत्तर : बँकेत पैसे ‘जमा झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा पैसा खरोखर आलेला असतो. खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, मात्र ‘जमा’ ही ‘नावे’च्या समोरची बाजू आहे, उधारीवर माल विकला की रक्कम गिऱ्हाइकाच्या नावे पडते आणि विक्री खात्यात जमा होते, एक पैसाही न हलता. हा अर्थ कोणी अलीकडे चिकटवलेला नाही. मोगल महसुली दप्तरांतही ‘जमा’ म्हणजे आकारलेली रक्कम आणि ‘हासिल’ म्हणजे प्रत्यक्ष आलेली, असा भेद होता. आपल्याकडच्या ‘जमाबंदी’तही सारा ठरवणे आहे, तो गोळा करणे नव्हे. गोळा होतो तो ‘वसूल’, आणि उरते ती ‘बाकी’. या जुन्या शब्दांत सांगायचे तर पैसा हातात आल्या-गेल्यावरच नोंद करणारी रोख पद्धत वसुलावर चालते आणि व्यवहार झाला की नोंद करणारी उपार्जित पद्धत जमेवर.

‘उपार्जित’ हा शब्द मला स्वतःला लंगडा वाटतो. ‘स्वोपार्जित मिळकत’मुळे त्याचा ‘कमावलेले’ हा अर्थ कानात बसलेला आहे, त्यामुळे उत्पन्नाला तो शोभतो. पण ‘उपार्जित खर्च’ म्हटले की हसू येते, कारण खर्च कोणी कमावत नाही. पाठ्यपुस्तकांनी तिथे ‘अदत्त’ म्हणजे अजून न दिलेला ‘खर्च’ हा शब्द घेतला आहे, तो चांगला आहे. सनदी लेखापाल उपार्जित पद्धतीला सर्रास ‘मर्कंटाइल’ म्हणतात. दुकानात बोलताना ‘येण्यादेण्याची पद्धत’ म्हटले तर कोणालाही फोड करून सांगावी लागणार नाही.

पूरक शंका : मग रोख पद्धत चुकीची समजावी का?

उत्तर : नाही. ज्याचा सगळा धंदा गल्ल्यावर होतो आणि उधारीची वही जवळपास कोरी असते, त्याला रोजमेळ, म्हणजे रोजच्या रोख जमाखर्चाची वही, पुरतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १४५ नेही धंद्याच्या उत्पन्नासाठी रोख किंवा मर्कंटाइल यांपैकी नियमितपणे वापरात असलेली पद्धत मान्य केली. त्यातला ‘नियमितपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, सोयीप्रमाणे दरवर्षी पद्धत पालटता येत नाही. कंपनी स्थापन केली असेल तर मात्र निवडच उरत नाही, कारण २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १२८ उपार्जित तत्त्व आणि प्रत्येक व्यवहार नावे व जमा अशा दोन्ही बाजूंना नोंदणारी द्विनोंदी पद्धत सक्तीची करते.

तुमच्या बाबतीत कापडाचे पैसे आणि शिलाईची मजुरी मार्चपूर्वीच चुकती झाली असेल, तर रोख पद्धतीने यंदा नुसता खर्च दिसेल आणि पुढच्या आर्थिक वर्षात, जूनमध्ये, एक टाकाही न घालता नफा उगवेल. शिवाय नेहमीच्या वस्तू व सेवा कर नोंदणीत मालावरचा कर बिलावरून लागू होतो, वसुलीवरून नाही. म्हणजे शाळेकडून रुपया येण्याआधीच सरकारचे देणे उभे राहते, आणि नुसत्या रोजमेळात ते कुठेच दिसत नाही.