रंकाळ्यावर बारा महिने: तुमचे अनुभव सांगा

कोल्हापूरबाहेरच्यांना रंकाळा म्हटलं की सुट्टीतली संध्याकाळ आणि चौपाटीवरची भेळ आठवते. पण तळं प्रत्येक ऋतूत वेगळं असतं. कधी जाता, काय करता, सविस्तर लिहा. मला जुलै आवडतो. वारं सुटलं की लाटा कठड्यावर आपटून तुषार थेट तोंडावर येतात. छत्री उलटतेच, रेनकोट घाला.

शिवाजी पेठकर: आम्ही थंडीतली माणसं. पहाटे धुक्यात समोरचा शालिनी पॅलेस दिसतच नाही, उजाडेल तसा आधी मनोरा वर येतो. पूर्ण फेरी मारायची आणि थेट गंगावेशीतला दूधकट्टा. म्हैस समोर उभी, धार समोर काढतात, ग्लासात निम्मा फेस. एवढ्यासाठी तरी पाहुण्यांना पहाटे उठवावं.

पाणपक्षीप्रेमी: हिवाळ्यात दुर्बीण जरूर न्या. काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी बघा. उडण्याआधी पाण्यावर लांबपर्यंत धावत जातो, पायांनी पाणी उडवत. त्याला फरसाण, पाव टाकू नका, हात जोडून सांगतो. ते त्याचं खाणं नव्हे आणि पाणीही खराब होतं.

माहेरवाशीण: मी मे महिन्यात येतो, पोरांना घेऊन. पाणी उतरलं की तळ्यातला दगडी संध्यामठ मोकळा होतो. पावसाळ्यात निम्मे बुडालेले ते दगडी खांब उन्हाळ्यात नीट बघायला मिळतात. बाबा तरुणपणी तिथवर पोहत जायचे. माझ्या कॉलेजच्या वर्षांत मात्र जलपर्णीनं तळं झाकलेलं आणि नाक दाबून फिरावं लागायचं. नाल्याचं सांडपाणी तळ्यात येऊ देणं हा गुन्हाच आहे, अजून राग येतो.

पेठेतला कार्यकर्ता: म्हणून तर आमच्या घरच्या गणपतीचं विसर्जन आता शेजारच्या इराणी खणीत, म्हणजे पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणीत. सुरुवातीला घरात वाद झाले. आता आजीच आधी तिकडं वळते.

नवीन सभासद: सासूबाईंचे गुडघे दुखतात. पूर्ण फेरी जमणार नाही, कुठं न्यावं?

शिवाजी पेठकर: वहिनी, पद्माराजे उद्यानाकडनं न्या, रविवार सोडून, ऊन उतरल्यावर. थोडं चालायचं, कट्ट्यावर बसायचं. दिवाळीनंतर स्वेटर घ्या, पाण्यावरचं वारं बोचतं.