रानमेंढ्यांना पाणी : पुण्य की हौस?

कोरडवाहू :
परवा वेगासजवळच्या मडी माउंटन्समध्ये गझलर, म्हणजे रानमेंढ्यांसाठी पावसाच्या पाण्याचा पाणवठा, बांधायला गेलो होतो. टाक्या हेलिकॉप्टरने आल्या, पत्रे-पाइप आम्ही खांद्यावरून चढवले. पत्र्यावर पडेल तो पाऊस टाकीत, टाकीतून खालच्या डोणीत. पंप नाही, वीज नाही. तळहात अजून सोलवटलेले आहेत. वेगासमध्ये एसीत बसून निसर्गावर गप्पा हाणणाऱ्यांनी एकदा तरी यावं.

रानवेडी :
शेवटच्या वाक्यासाठी हा प्रतिसाद. गप्पा हाणणारी मीच. बिगहॉर्न, म्हणजे हीच रानमेंढी, या डोंगरांत तुमच्या टाक्यांआधी हजारो वर्षं जगलाय, ओल्या चाऱ्यावर आणि कपारीतल्या कुंडांवर. अ‍ॅरिझोनात कोफा अभयारण्यात २००० साली ८०० च्या वर मेंढ्या होत्या, २००६ मध्ये ३९०. पाणवठे तर तिथे आधीपासून होते की! तरी २००७ मध्ये तिथल्या विल्डरनेसमध्ये, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या राखीव रानात, आणखी दोन टाक्या पुरल्या. २०१० मध्ये अपील कोर्टानेच सुनावलं, गरज दाखवलीत कुठे? आणि १९९५, कॅलिफोर्नियातलं ओल्ड डॅड पीक? कोकरं टाकीत पडून मेली, पाणी नासलं, बहुधा बॉट्युलिझमने (जिवाणूंच्या विषाने) चाळीसच्या वर मेंढ्या गेल्या. ही तुमची सेवा.

चिमणचारा :
गझलर म्हणजे गझला लिहिणारे ना? मग मीपण येते.

कोरडवाहू :
आमच्या टाकीला झाकण आहे. आणि हजारो वर्षांपूर्वी आय-१५ होता का हो? एक झरा आटला की कळप दुसऱ्या डोंगरावर जायचा, आता मध्ये हायवे. २०२० मध्ये वेगासला २४० दिवस थेंब पडला नाही, टाक्यांत हेलिकॉप्टरने पाणी ओतलं. तेव्हा तुमचं कोर्ट कुठे होतं?

तात्या_हेंडरसन :
पैसा कुणाचा तेही सांगा. शिकाऱ्यांचा! एकेक परवाना लिलावात लाखो डॉलरला जातो. पाणी पाजून वाढवायचा, मग मुंडकं भिंतीवर.

कोरडवाहू :
हो, शिकाऱ्यांचा. माझ्यासोबत पत्रा धरलेला सत्तरीचा म्हातारा तीस वर्षं परवान्याला अर्ज करतोय, एकदाही नंबर लागलेला नाही. तरी दरवर्षी येतो. आपल्या मंडळातून किती आले? मी. एकटा. गणपतीला मात्र मोदकांसाठी दारापर्यंत रांग.

माजी_सचिव :
मंडळ मध्ये कशाला? तुमचं आवतण गुरुवारी रात्री आलं, निघायचं शनिवारी पहाटे चारला! आणि मोदक ४०० होते. नावं २५० जणांनी दिली, जेवायला आले किती ते देवाला ठाऊक.

कोरडवाहू :
४०० कुठले? माझ्या पानात शिरा पडला.

रानवेडी :
आमच्याही. या एका मुद्द्यावर मी कोरडवाहूंच्या बाजूने.

माजी_सचिव :
वळायला किती जण आला होतात? आम्ही तिघी. रात्री दोनपर्यंत उकड मळत होतो. बोटं आमचीही भाजली, फोटो नाही टाकले. स्वयंसेवा काय वाळवंटातच होते?

तात्या_हेंडरसन :
मेंढ्या राहिल्या बाजूलाच. बोल्डर सिटीत हेमनवे पार्कात या, निवांत हिरवळ खात बसलेल्या असतात. गझलर नको नि मोदक नको.

रानवेडी :
असो. २०२० च्या पाण्याला माझी ना नाही. पण पाळीव शेळ्यामेंढ्यांकडून न्यूमोनिया येतो, त्याला तुमची टाकी काय करणार? पुढच्या वेळी येते. झाकण आहे का, स्वतः बघायला.

कोरडवाहू :
या. हातमोजे स्वतःचे आणा, बघणाऱ्यांनाही पत्रे उचलावे लागतात.

माजी_सचिव :
वही सापडली. मोदक ३८० होते. झालं समाधान?