अडीच महिन्यांचं पिल्लू, लसी अर्धवट, दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख कधी आणि कशी करून द्यायची?

तांबूची_ताई (पुणे):
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही एक देशी पिल्लू दत्तक घेतलंय, नाव तांबू, आता अडीच महिन्यांचा आहे. सेव्हन इन वन या एकत्रित लसीचा पहिला डोस झालाय, दुसरा पुढच्या आठवड्यात, जंताचं औषध पण झालंय. डॉक्टर म्हणाले सगळ्या लसी होईपर्यंत खाली जमिनीवर सोडायचं नाही, पार्वोची (पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार) साथ आहे. आणि इकडे नेटवर जे वाचतेय त्यात सगळे म्हणतात की तीन महिन्यांच्या आत दुसऱ्या कुत्र्यांशी ओळख झाली नाही तर पिल्लू आयुष्यभर भित्रं नाहीतर भांडकुदळ होतं. मग मी नक्की करू काय? परवा लिफ्टमधे वरच्या मजल्यावरचा जर्मन शेफर्ड समोर आला, तो फक्त वाकून हुंगायला गेला तर तांबूने असा टाहो फोडला की विचारू नका, माझ्या हातातच सू केली आणि घरी आल्यावर बराच वेळ सोफ्याखालून बाहेरच येईना. सासूबाई म्हणतात राहू दे घरातच, मोठा झाला की आपोआप शिकेल. गेटबाहेर सहा-सात भटकी कुत्री आहेत, त्यांचंही टेन्शन आहे. आणि बी विंगमधे एक आठ वर्षांची लॅब्रेडॉर आहे, तिच्या मालकीण काकू म्हणाल्यात आणा कधीही. नेऊ का?

भटक्यांचा_मामा (नागपूर):
ताई, घाबरू नका. माझ्याकडे फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, सतत पिल्लं असतात त्यामुळे हा प्रश्न दर वेळी येतोच. पहिलं म्हणजे सोशलायझेशन म्हणजे प्रत्येक कुत्र्याला नाक लावून भेटवणं असं नाहीये, इथेच बहुतेकांची गल्लत होते. पिल्लाने दुसरं कुत्रं बघितलं, त्याचा वास आला, आवाज ऐकला आणि तरी काही वाईट झालं नाही, हे त्याच्या डोक्यात बसणं म्हणजे सोशलायझेशन. यासाठी जमिनीवर सोडायची गरजच नाही. रोज त्याला उचलून नाहीतर पुढे बॅग लावून खाली जा, बाकावर बसा, लांबून कुत्रं जाताना दिसलं की तोंडात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा, कुत्रं गेलं की तुकडे बंद. दोनचार दिवसात कुत्रं दिसलं की तो तुमच्याकडेच बघायला लागेल, म्हणजे समजायचं गाडी रुळावर आहे. पाच-दहा मिनिटं पुरे, या वयात पिल्लं अठरा-अठरा तास झोपतात, दमलेलं पिल्लू जास्त घाबरतं आणि जास्त चावतं.

आणि अंतर फार महत्त्वाचं आहे. तुकडा खात असेल तर अंतर बरोबर आहे, खाणं सोडून एकटक बघायला लागला किंवा तोंड फिरवून बगलेत घुसला की तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. लिफ्टमधे मागे व्हायला जागाच नसते म्हणून तसं झालं, त्यात तांबूचा दोष नाही आणि शेफर्डचाही नाही. सध्या आत कुत्रं असेल तर ती लिफ्ट सोडून द्या, पुढची घ्या.

बंडूनाना_सातारकर:
एवढं कशाला करायचं? आमच्या गावाकडे पिल्लं अंगणात, उकिरड्यावर, वीसपंचवीस कुत्र्यांत वाढतात, कोणी लस देत नाही की चिकन भरवत नाही, आणि एक कुत्रं घाबरट नसतं. सोडा त्याला खाली, दोनदा मार खाईल, शिकेल.

श्वानवैद्य_मीरज (कोल्हापूर):
नाना, आदर ठेवून सांगते, मी व्हेट आहे आणि त्या उकिरड्यावरची पिल्लं माझ्याकडे येतात. गावात सहा पिल्लांतली किती मोठी होतात ते बघा. जगलेली आपल्याला दिसतात, बाकीची कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. पार्वोमधे रक्ताची हगवण आणि उलट्या सुरू झाल्या की छोटं पिल्लू दोन-तीन दिवसात जाऊ शकतं, आणि हा विषाणू मातीत कित्येक महिने, सावलीच्या ओल्या जागी वर्षभरही टिकतो. चपलेच्या तळव्याला लागून घरात येतो. हाताला सॅनिटायझर लावून तो मरत नाही, फरशीला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, आणि फरशी आधी धुऊन मग ते दहा मिनिटं ओलं ठेवायचं. म्हणून ताई, चपला दाराबाहेर.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमचे डॉक्टर आणि नेट दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहेत. आईच्या दुधातून आलेल्या अँटीबॉडीज पिल्लात काही आठवडे असतात, त्या लसीलाच निकामी करतात, आणि त्या कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून एका डोसवर भागत नाही, दोन ते चार आठवड्यांनी बूस्टर देत सोळा आठवड्यांपर्यंत जावं लागतं. पण ओळखीपाळखीची खिडकी, म्हणजे पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ, तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंतच असते. म्हणजे लसी संपेपर्यंत थांबलात तर ती खिडकी बंद झालेली असते. म्हणूनच प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या व्हेट संघटनेने 2008 सालीच सांगितलं की पहिला डोस आणि जंताचं औषध होऊन किमान सात दिवस झाले की स्वच्छ जागेत, लस झालेल्या कुत्र्यांबरोबर सुरुवात करावी. पण आपल्याकडे रस्त्यावर पार्वो आणि डिस्टेंपर (हाही कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार) कितीतरी जास्त आहे, तेव्हा त्यातलं "स्वच्छ जागेत" आणि "लस झालेल्या" हे दोन शब्द आपण डबल अधोरेखित करून वाचायचे. सोसायटीची बाग, जिथे सगळी कुत्री शी-सू करतात, ती सध्या बाद. डॉग पार्क बाद. क्लिनिकमधे सुद्धा फरशीवर आणि वेटिंगच्या बाकावर ठेवू नका, मांडीवरच घ्या.

बी विंगची लॅब उत्तम आहे, फक्त काकूंना तीन गोष्टी विचारा, आणि विचारताना लाजू नका. वार्षिक लस चालू आहे का, गोचिडांचं औषध लावलंय का, आणि तिला पिल्लं आवडतात का. शेवटचं लोक विचारतच नाहीत. आठ वर्षांच्या लॅबचे सांधे दुखत असतील तर उड्या मारणारं पिल्लू तिला नको असतं आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

तांबूची_ताई:
खूप खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. काकूंना विचारलं, लस जूनमधेच झालीये, गोचिडांची गोळी चालू आहे, आणि त्यांच्या भाच्याचं पिल्लू येऊन राहायचं तेव्हा ती छान वागली होती. आता प्रत्यक्ष भेट कशी घडवू? त्यांच्या घरी न्यायचं का आमच्याकडे बोलवायचं?

भटक्यांचा_मामा:
दोन्हीकडे नको, तिचं घर तिचं आणि तुमचं घर तांबूचं. तुमच्या बिल्डिंगची गच्ची कशी आहे? कुत्री जात नसतील तर एक कोपरा धुऊन घ्या, पाऊस नसताना न्या. खेळणी, खाऊची वाटी, हाडूक काहीही जमिनीवर नको, निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. दोघांना पट्टा, पण ढिला, पट्टा ताणला की कुत्रं पण ताणलं जातं. समोरासमोर आणू नका. दोघांनी एकाच दिशेला चालायचं, मधे पंधरा-वीस फूट, तुम्ही आणि काकू गप्पा मारत, आणि प्रत्येक फेरीला थोडं जवळ. मग लॅबला तांबूच्या मागच्या बाजूने हुंगू द्या, मनात एक-दोन-तीन म्हणा आणि दोघांना आनंदाने हाक मारून बाजूला घ्या, खाऊ द्या, परत तीन सेकंद. असं दोनतीनदा झालं आणि दोघांचं अंग सैल असेल, शेपूट पूर्ण अंगासकट हलत असेल, तर पट्टे सोडून द्या, मात्र जमिनीवर घसटत राहू देत.

खेळायला लागली की बघा, पुढचे पाय खाली टेकून ढुंगण वर करतात, आळीपाळीने एकमेकांच्या मागे पळतात, मोठी लॅब मुद्दाम आडवी पडून पिल्लाला वर येऊ देते, हे सगळं चांगलं. शंका आली तर जो दांडगाई करतोय त्याला क्षणभर धरा, दुसरा स्वतःहून परत जवळ आला तर त्याला खेळायचंय, लांब पळाला तर त्याला नकोय. शेपूट पोटाखाली, सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही नको म्हणायची भाषा आहे, तिथे थांबायचं.

आणि एक, लॅब गुरगुरली तर तिला ओरडू नका. "बास झालं" हे सांगायची तिची ती रीत आहे, तांबूला कुत्र्यांची शिस्त तीच शिकवणार, तुम्ही आम्ही नाही. गुरगुरल्यावर तांबू मागे सरला तर छान, नाही सरला तर त्याला तुम्ही उचलून आणा.

वेताळ_टेकडी_वॉकर (पुणे):
पुण्यात आहात म्हणून सांगतो, गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू झालाय, संध्याकाळी लांबून, म्हणजे अगदी एक चौक सोडून, ऐकवा आणि खाऊ द्या. पुढे दिवाळीला उपयोग होतो. आणि वेताळ टेकडीवर फिरायला आणायची घाई करू नका, तिथे सकाळी बरेच जण कुत्री मोकळी सोडतात, "आमचा काही करत नाही" म्हणत लांबून पळत येणारं कुत्रं या वयात एकदा जरी अंगावर आलं तरी ते मनात बसतं.

तांबूची_ताई:
आणि गेटबाहेरची कुत्री? त्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे लसी झाल्या असतील ना?

श्वानवैद्य_मीरज:
खाच म्हणजे नसबंदी झालीये, आणि त्याच वेळी रेबीजची लस देतात. पण रेबीजची लस दर वर्षी लागते, ती पुढे कोणी दिली का माहीत नाही, आणि पार्वो-डिस्टेंपरची तर खात्री अजिबात नाही. ती कुत्री वाईट नाहीत, आपला इलाका सांभाळतात इतकंच. त्यांच्याशी ओळख लांबून. त्यांना रोज खायला घालणारं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला, खाण्याच्या वेळी ती कुत्री दुसरीकडे असतात तेव्हा तुम्ही गेटमधून ये-जा करा, हातात उचलूनच. तांबूचा रेबीजचा पहिला डोस तीन महिने पूर्ण झाले की घ्या, विसरू नका. चुकून कोणी त्याला चावलं तर जखम वाहत्या पाण्याने साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना, तुम्हाला स्वतःला ओरखडा असेल तर तुम्हीही जा.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांनी जमिनीवर सोडा. तेव्हाही पावसाचं साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंचा आजार) होतो आणि सेव्हन इन वनमधे त्याचे सगळे प्रकार येत नाहीत. पुढच्या आठवड्यात डोसला जाल तेव्हा डॉक्टरांना लेप्टोचं विचारा, आणि गच्चीवरच्या भेटीचंही सांगून ठेवा.