मोटरखोलीवर कॅमेरा, घरापासून 150 मीटर: थ्री प्लस वन घ्यावी की कॅट 6?

शेतमळा: राम राम मंडळी. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. मोटरखोलीतून दोनदा केबल कापून नेली, म्हणून तिथे कॅमेरा बसवायचाय. घरी डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्र साठवणारा डबा) आहे, कॅमेरे 2 मेगापिक्सेलचे, ॲनालॉग एचडी. चारीत पाइप गाडलेला आहे, त्यातून एकच केबल जाईल. दुकानदार थ्री प्लस वन (चित्राची एक आणि वीज वगैरेच्या तीन तारा असलेली कॅमेऱ्याची केबल) घ्या म्हणतो, पुतण्या कॅट 6 (नेटवर्कची, पीळ दिलेल्या चार जोड्यांची केबल).

जुना वायरमन: पुतण्याचं ऐका. थ्री प्लस वनचं बंडल सहसा 90 मीटरचं, म्हणजे मातीखाली जोड आला. कॅट 6 चा 305 मीटरचा डबा मिळतो, अखंड जाईल. दोन्ही टोकांना पॅसिव्ह बलून लावा, म्हणजे कॅमेऱ्याचा सिग्नल पिळाच्या जोडीवर चढवणारी, वीज न लागणारी छोटी जोडणी. सिग्नलच्या हिशेबात डीव्हीआर-कॅमेऱ्याची बाजू 75 ओहमची, पिळाची जोडी 100 ओहमची. बलून दोघांचं जमवतो. शिवाय जोडीतल्या एका तारेवर सिग्नल सुलटा, दुसरीवर उलटा चढतो. मोटरची खरखर पिळामुळे दोन्हींत सारखीच शिरते, आणि पलीकडचा बलून फक्त दोन तारांमधला फरक उचलतो. खरखर तिथेच कटते.

बलून एचडीचाच मागा, जुना साधा माथी मारतील. आणि निळी व निळी-पांढरी अशी एकाच जोडीची तार धरा. एक निळी, एक नारंगी घेतली तर पीळ असून नसल्यासारखा.

नेटकरी: एवढा व्याप कशाला? आयपी म्हणजे नेटवर्कवरचा कॅमेरा घ्या, पीओईवर चालवा, वीज आणि चित्र एकाच नेटवर्क केबलमधून.

जुना वायरमन: इथरनेटची, म्हणजे त्या नेटवर्क केबलची, हद्द 100 मीटर. मधे एक्स्टेंडर लागेल, तो काय चिखलात ठेवायचा?

शेतमळा: (पंधरा दिवसांनी) टाकली कॅट 6. दिवसा चित्र झकास! पण अंधार पडून कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले की पडदा काळा. पुन्हा चित्र, पुन्हा काळा. शेतीची लाइट आठच तास असते, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवरून 12 व्होल्ट उरलेल्या तीन जोड्यांतून पाठवलेत.

ओहमताई: भाऊ, सिग्नल ठीक आहे, कॅमेरा उपाशी आहे. तांब्याच्या कॅट 6 च्या एका तारेचा विजेला अडथळा 150 मीटरला साधारण 10 ओहम. तीन जायला, तीन यायला धरल्या तर एकूण 6.7. रात्री कॅमेरा 0.4 अँपिअर ओढत असेल तर 2.7 व्होल्ट वाटेतच गेले. तिकडे 9.3 उरायला हवेत. दिवे लागलेले असताना मीटर लावून सांगा.

शेतमळा: 7.8 दाखवतोय, तोही नाचतोय.

ओहमताई: मग तार तांब्याची नाही. टोक ब्लेडने खरवडा.

शेतमळा: आतून पांढरी निघाली ताई! वर नुसता तांब्याचा मुलामा. डब्यावर तर प्युअर कॉपर छापलंय. आता पाइपातून उपसून काढू का?

ओहमताई: नको. घरून 24 व्होल्ट पाठवा, कॅमेऱ्यापाशी बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारी छोटी पट्टी) बसवून 12 करा. व्होल्ट वाढले की तेवढ्याच वॅटला करंट कमी लागतो, म्हणून गळतीही कमी. वाटेत चार व्होल्ट गेले तरी 20 उरतील, कन्व्हर्टरला भरपूर. कॅमेरा जोडण्याआधी कन्व्हर्टरचा स्क्रू फिरवून 12 वर आणा, नाहीतर कॅमेरा जायचा.

जुना वायरमन: ॲल्युमिनियमची तार वाकवली की तुटते, टोकाला ओढाताण नको.

शेतमळा: झालं काम. काल रात्री बांधावरून कोल्हा गेला, शेपटीसकट दिसला. एकच राहिलंय: मोटर सुरू असताना चित्रात दोन आडव्या पट्ट्या हळूहळू वर सरकतात.

जुना वायरमन: कॅमेरा लोखंडी अँगलवर आवळलाय ना? तो अँगल मोटरच्या अर्थिंगला टेकला असणार. तिकडची अर्थ आणि घरची अर्थ तुमच्या केबलमधून एकमेकींना भेटतात, त्याच्याच या पट्ट्या. कॅमेऱ्याखाली प्लॅस्टिकचा डबा द्या, स्क्रूही अँगलला लागू देऊ नका.

शेतमळा: उद्या लाइट पहाटे येणार आहे, तेव्हा बघतो.