एमआरआय नॉर्मल आलाय, मग न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टमधून वेगळं काय कळणार?

कवडसा:
मुलगा नऊ वर्षांचा आहे. बोलायला एकदम तल्लख, गोष्ट सांगायला बसला की ऐकत राहावं असा, पण वर्गात लिहिताना कायम मागे, वह्या अर्धवट, तीन कामं एकदम सांगितली की पहिलं करतो आणि बाकीची डोक्यातून गायब. शाळेतून सारखं एकच ऐकू येतं, लक्ष नाही, लक्ष नाही. मध्येच तंद्री लागते म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल आले, आता ते म्हणतात न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट करून घ्या. मेंदूचा फोटोच नॉर्मल असेल तर कागद-पेन्सिलच्या टेस्टमधून काय निघणार? ही आयक्यू टेस्टच असते का? सासूबाई म्हणतात उगाच पोराला शिक्का बसेल, आणि खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती वाटतेय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

आडवी_रेघ:
मी याच क्षेत्रात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, म्हणजे गाठ, जखम, रक्तस्राव असलं काही असेल तर ते दिसेल. पण एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण), ऑटिझम यांचं निदान एखाद्या मुलाच्या स्कॅनवरून आजही होत नाही. मेंदू काम कसं करतो हे बघायचं तर त्याला काम द्यावं लागतं, आम्ही तेच करतो.

आणि काम एकच देऊन भागत नाही, कारण "स्मरणशक्ती" किंवा "लक्ष" ही एकसंध गोष्ट नाहीच. 1953 साली एच. एम. या आद्याक्षरांनी पुढे ओळखल्या गेलेल्या पेशंटच्या फिट्स थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा भाग काढला. नंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना, मिनिटभरापूर्वी भेटलेला माणूससुद्धा. तरी मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला, आणि दर वेळी त्याला वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करतोय! एक स्मृती गेली, दुसरी शाबूत. म्हणून आम्ही तुकड्या-तुकड्याने तपासतो: ऐकून लक्षात ठेवणं वेगळं, बघून वेगळं, वर्किंग मेमरी (माहिती तेवढ्यापुरती डोक्यात धरून वापरणं), काम उरकण्याचा वेग म्हणजे प्रोसेसिंग स्पीड, भाषा, नियोजन, स्वतःला आवरणं हे सगळं वेगवेगळं.

तुमच्याच मुलाचं घ्या. वही अर्धवट राहते ती का? हात आणि डोळ्यांचा वेग कमी असेल, फळ्यावरचं वाक्य वहीपर्यंत येईस्तोवर निसटत असेल, वाचतानाच अक्षरं जुळवायला कष्ट पडत असतील, चुकायच्या भीतीने दहादा खोडत असेल, किंवा खरंच एडीएचडी असेल. बाहेरून सगळं सारखंच दिसतं, उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा.

टेस्टमधले नेमके प्रश्न इथे लिहिणार नाही, मूल ते आधीच बघून आलं तर स्कोअरला अर्थ राहत नाही. पण एक सांगते, बरोबर की चूक यापेक्षा कसं चुकलं याच्याकडे माझं जास्त लक्ष असतं. किचकट भौमितिक चित्र उतरवायला दिलं की काही मुलं आधी मोठा आयत काढतात आणि त्यात बाकीचं बसवतात, काही मुलं कोपऱ्यातल्या एखाद्या बारीक खुणेपासून सुरू करतात आणि तुकडे जोडत जातात. समोर बघून उतरवलेली दोन्ही चित्रं जवळपास सारखीच दिसू शकतात, पण अर्ध्या तासाने न बघता काढायला सांगितलं की तुकड्यांनी काढणाऱ्याचं चित्र बऱ्याचदा विस्कटलेलं असतं. आकड्यांचंही तसंच, ऐकलेले पाच-सहा आकडे धडाधड म्हणणारं मूल तेच उलटे म्हणताना दोनवर अडकलं तर अडचण ऐकण्यात नाही, डोक्यात धरून फिरवण्यात आहे.

शिक्क्याचं म्हणाल तर "आळशी", "लक्ष नाही" हे शिक्के त्याला आत्ताच बसलेत ना? ते तर काहीही न तपासता बसलेत.

वाटसरू_७:
वरच्या पोस्टशी सहमत, पण एक गोष्ट जोडतो. मी विशेष शिक्षक आहे. शांत खोली, समोर एकच माणूस, दर थोड्या वेळाने नवीन काम, अशा वातावरणात एडीएचडी असलेली काही मुलं टेस्ट झकास देऊन येतात आणि पालकांना वाटतं चला काहीच नाही. एडीएचडीसाठी लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी लागतात, ते पालक-शिक्षकांच्या प्रश्नावल्या आणि नीट घेतलेल्या हिस्टरीतूनच कळतं. नुसत्या स्कोअरवर हो किंवा नाही म्हणणाऱ्याला जरूर प्रश्न विचारा. आणि टेस्ट मुलाच्या सरावाच्या भाषेतच होतेय ना हेही बघा, घरात एक भाषा आणि टेस्ट दुसऱ्या भाषेत असेल तर भाषेची अडचण बुद्धीच्या खात्यात जमा होते.

पिंपळपान:
लहान मुलांचं माहीत नाही, आमच्याकडे वडिलांची केली होती. आई गेल्यावर ते विसरायला लागले, आम्ही सगळ्यांनी अल्झायमर धरूनच चाललो होतो. टेस्टमध्ये शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळाने विचारलं तर "नाही आठवत" म्हणून मोकळे, प्रयत्नच नाही. पण तेच शब्द इतर शब्दांत मिसळून "हा होता का?" असं विचारल्यावर बहुतेक बरोबर ओळखले. त्या मॅडमनी समजावलं की शब्द आत गेलेत, बाहेर काढायला जोर कमी पडतोय, अल्झायमरमध्ये सहसा ओळखणंही ढासळतं आणि यादीत नसलेले शब्दही "होता" म्हणून सांगितले जातात. अर्थात एवढ्यावर ठरवलं नाही, रक्ताच्या तपासण्या, स्कॅन सगळं झालं, शेवटी डिप्रेशन निघालं. औषधं आणि समुपदेशन सुरू केल्यावर हळूहळू पुन्हा पेपर वाचायला लागले. टेस्ट केली नसती तर आम्ही त्यांना भलत्याच आजाराचं समजून वागवत राहिलो असतो, हा विचार आला तरी कसंतरी होतं.

कवडसा:
सगळ्यांचे खूप आभार, टेस्ट करून घेतली आणि रिपोर्ट हातात आलाय. भाषेचा स्कोअर 121, वर्किंग मेमरी 88, प्रोसेसिंग स्पीड 76, एकूण 98. वाचन वयाप्रमाणे ठीक. एकूण 98 म्हणजे नॉर्मलच ना? मग शाळेला सांगू काय?

आडवी_रेघ:
98 वर थांबू नका. या चाचण्यांत सरासरी 100 धरतात आणि 85 ते 115 मध्ये साधारण 68 टक्के मुलं येतात. 121 म्हणजे बहुतेकांच्या पुढे, 76 म्हणजे बहुतेकांच्या मागे, दोन्ही एकाच मुलात. एवढी दरी असताना एकूण आकडा त्याच्याबद्दल फारसं काही सांगत नाही. त्याला कळतं भराभर आणि कागदावर उतरतं सावकाश, वर्गात त्याचा जीव किती मेटाकुटीला येत असेल बघा. शाळेला 98 सांगितलंत तर ते म्हणतील सगळं ठीक आहे, मुलगा कष्ट घेत नाही.

वाटसरू_७:
शाळेकडे मागायच्या गोष्टी: परीक्षेत जादा वेळ, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील नोट्स, सूचना एकेक करून आणि शक्यतो लिहून, गणिताची दहाऐवजी पाच उदाहरणं, काही उत्तरं तोंडी. रिपोर्टमध्ये शिफारशींचं पान असतं, नसेल तर मागून घ्या, शाळेत तेच कामाला येतं. लक्षाबद्दलच्या प्रश्नावल्यांचं काय आलं तेही विचारा, तुम्ही लिहिलं नाहीत. आणि लगेच दुसरीकडे जाऊन परत टेस्ट करू नका, काही महिन्यांतच तीच टेस्ट दिली तर सरावाने स्कोअर वर जातो आणि सुधारणा झाली असं उगाच वाटतं. जिथे केलीत तिथेच विचारून पुढची तारीख ठरवा.