पिनियनचं ऑइल सील तीनदा बदललं, तरी डिफरन्शियल गळतंय. मदत हवी आहे

दहाटायरवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी. गाडी १० टायर, मागचे दोन एक्सल, त्यातला एक डमी, म्हणजे इंजिनची ताकद न लागणारा. सोलापूर मार्केट यार्डातून हैदराबादला कांदा नेतो, येताना मिळेल तो माल. गाडी मीच चालवतो.

दोन महिन्यांपासून डिफरन्शियलच्या (मागच्या एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या) तोंडाशी, इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टचा जॉइंट जोडतात त्या फ्लँजच्या मागून गिअर ऑइल येतंय. सील बदललं की एखादी फेरी कोरडी जाते, पुढच्या फेरीला पुन्हा तेच. असं तीनदा झालं. आता मिस्त्री म्हणतोय, क्राऊन-पिनियन (आतला मोठा आणि लहान गिअर) गेलं, सगळं उतरवू. त्याचा अंदाज ऐकला आणि डब्यातली कडक भाकरी आणखी कडक लागायला लागली.

गाडी रात्रभर उभी असली तर खाली थेंब पडत नाही. नळदुर्गपर्यंतही काही नाही. पण उमरगा, हुमनाबाद करून जहीराबादला चहाला थांबलो की फ्लँजच्या रेषेत वरच्या क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) ऑइलचा पट्टा उडालेला असतो. आवाज नाही, लोड घेताना नाही की ॲक्सिलेटर सोडल्यावर नाही. दर फेरीला अर्धा लिटर ८५डब्ल्यू१४० गिअर ऑइल टाकतो. उघडू का नको?

प्रतिसाद – बार्शीकर

ऑइलमध्ये किलोभर ग्रीस घाला, घट्ट होतं. आमच्या सहाचाकीत दोन वर्षं तसंच चाललंय.

प्रतिसाद – जुना फिटर

मालक, ग्रीस अजिबात घालू नका. क्राऊन फिरताना ऑइल उडवतो, ते हौसिंगमधल्या (डिफरन्शियलच्या कवचातल्या) वाटेनं पिनियनच्या बेअरिंगपर्यंत जातं. ग्रीसमुळे ती वाट चोंदली तर आज न गेलेलं पिनियन महिन्याभरात खरंच जाईल. बार्शीकरांची गाडी चालली हे त्यांचं नशीब.

तुम्ही लिहिलंय की थंड असताना कोरडं आणि तापल्यावर गळतं. यातच निम्मं उत्तर आहे. हौसिंगच्या वर ब्रीदर असतो. ऑइल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ब्रीदर बंद असेल तर ती हवा ऑइलला सीलच्या ओठातून ढकलते. मग सील कितीही चांगलं घाला.

एक फेरी झाल्यावर, गाडी सपाट जागी लावून, भरायचा प्लग हळूहळू सैल करा. बाजूला उभं राहून, ऑइल गरम असतं. ‘फुस्स’ आवाज आला तर ब्रीदर बंद. थंड झाल्यावर लेव्हलही बघा. प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवी, त्याच्या वर नको. दर फेरीला न बघता अर्धा लिटर ओतत असाल तर लेव्हल वर गेलेली असू शकते.

दुसरं, चाकाला ओट लावून जॉइंट सोडा आणि फ्लँज दोन्ही हातांनी धरून हलवा. गोल फिरवताना थोडा प्ले (ढिलेपणा) असतोच, दातांमध्ये तेवढी जागा लागते. आत-बाहेर किंवा वर-खाली हलली तर मात्र बेअरिंग सैल, आणि तेव्हाच मिस्त्रीचं म्हणणं ऐका.

आणि एक सांगा, गळती सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काम केलं होतं?

दहाटायरवाला

पासिंग होतं. चेसिसला काळा रंग मारून घेतला होता.

जुना फिटर

मग ब्रीदर शोधा, रंगाखाली असेल.

दहाटायरवाला

काका, सापडला. आधी मातीचा थर, त्यावर रंगाचा थर, टोपी हलतच नव्हती. प्लग सोडला तेव्हा कुकरसारखी वाफ गेली. नवीन ब्रीदर घातला. फ्लँजला आत-बाहेर प्ले नाही. पण सील बसतं त्या जागेवर नख फिरवलं तर चर लागतोय.

जुना फिटर

तीन सीलं त्याच चरात फिरली. फ्लँज बदला, किंवा तिथं पातळ स्लीव्ह बसवा. नवीन सील घालताना स्प्रिंगची बाजू आत, ओठाला गिअर ऑइल लावून, गोल पाइपनं सारखं ठोका, एका कोपऱ्यात हातोडी नको. फ्लँजसुद्धा हातोडीनं घालू देऊ नका, नटानंच ओढून घ्या. फ्लँजच्या आतल्या आट्यांना (स्प्लाइनना) आणि वॉशरखाली सीलंट लावा, काही वेळा ऑइल सीलमधून नाही तर आट्यांमधून नटाशी येतं आणि दोष सीलवर जातो. नट गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कनं, टॉर्क रेंचनं आवळा. एअर गन मारली की बेअरिंगवर किती भार आला ते कोणालाच कळत नाही.

प्रतिसाद – चिंचोलीकर

हौसिंगमध्ये दाब होता म्हणजे चाकाच्या हबकडेही बघा. एक्सल शाफ्टच्या बाजूनं ऑइल हबमध्ये जातं, तिथलं सील गेलं तर थेट ब्रेकवर.

दहाटायरवाला

फ्लँज आणि सील बदलून दोन फेऱ्या झाल्या. क्रॉस मेंबर कोरडा ठणठणीत. चिंचोलीकरांचं ऐकून ड्रम उघडले, तर डावीकडे ब्रेक लायनरची कड ओली आहे. डिझेलनं धुऊन चालेल का?

जुना फिटर

नाही. लायनर ऑइल पितो, धुतलं तरी ड्रम तापला की ते परत वर येतं. हबचं सील आणि लायनर दोन्ही बदला. लायनर त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढेल.

दहाटायरवाला

बरं. उद्याचा लोड सोडला, व्यापाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. लायनर घालूनच निघतो.