वकिलाशिवाय लिव्हिंग ट्रस्ट केलाय का कुणी? (कॅलिफोर्निया)

फ्रीमाँटकर:
मंडळी, आम्ही दोघं ग्रीन कार्डवर, पोरं ९ आणि ५ वर्षांची, इथे घर (लोन चालूच), दोघांचे ४०१के (नोकरीतली रिटायरमेंट खाती) आणि पुण्यात माझ्या नावावर एक फ्लॅट. लिव्हिंग ट्रस्टचं (म्हणजे घर वगैरे हयातीतच ट्रस्टच्या नावावर करायचं, आपल्यानंतर ते कोर्टाशिवाय वारसांना मिळतं) इतकी वर्षं "करू की निवांत" चाललं होतं पण ऑफिसातला एक जण अचानक गेला आणि बायकोने आता पिच्छाच पुरवलाय. वकील साडेतीन हजार डॉलर म्हणतोय, ऑनलाइन शंभर-दीडशेत होतंय, उत्तरं भरा की पीडीएफ हातात. मग साडेतीन हजार नक्की कशाचे?

खाडीपलीकडची:
आम्ही २०१९ ला स्वतःच केला. ट्रस्ट कराच, कारण नुसतं विल (मृत्युपत्र) असेल तर घर प्रोबेट कोर्टात (जिथे विल सिद्ध करून मालमत्ता वारसांना देतात) जातं आणि तिथे वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली, पहिल्या लाखाला ४ टक्के, दुसऱ्या लाखाला ३, पुढच्या आठ लाखांना २. दहा लाखांच्या घराला २३ हजार झाले, आणि एक्झिक्युटरने (विल अमलात आणणाऱ्याने) मागितली तर त्यालाही तेवढीच! तीही घराच्या पूर्ण किमतीवर, लोन वजा न करता. २०२५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या राहत्या घराला सोपी वाट केलीय म्हणे, पण फ्रीमाँटात त्या भावात काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे.

फॉर्म म्हणजे दोन संध्याकाळचं काम, घोडं पेंड खातं ते पुढे. घराचं नवीन डीड (मालकीचा दस्त) ट्रस्टच्या नावावर करून, नोटरी करून काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवायचं, सोबत पीसीओआर (मालकी बदलाची माहिती देणारा) फॉर्म. प्रॉपर्टी टॅक्स वाढत नाही. ४०१के मात्र ट्रस्टच्या नावावर करू नका, तिथे फक्त बेनिफिशियरी (आपल्यानंतर पैसे कुणाला) बघा. नवऱ्याच्या जुन्या आयआरएवर (हेही रिटायरमेंट खातंच) अजून सासूबाईंचंच नाव होतं, मी काही बोलले नाही, फक्त लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

उंटावरचा_शहाणा:
डीडबद्दल +१. मित्राच्या वडिलांनी सगळं नीट केलं होतं, निळी फाईल, टॅब लावलेले. मग रिफायनान्स करताना बँकेने घर ट्रस्टमधून काढून त्यांच्या नावावर करायला लावलं आणि परत टाकायचं राहूनच गेलं. ते गेल्यावर हेगस्टॅड पिटिशन (घर ट्रस्टचंच होतं असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचा अर्ज) करावी लागली, म्हणजे कोर्ट टाळायला केलेल्या ट्रस्टसाठी कोर्टातच.

माहेर_पुणे:
दोन गोष्टी कुणी बोललंच नाही. पोरांचा गार्डियन ट्रस्टमध्ये नाही, विलमध्ये लिहितात, ते वेगळं करा. आणि पुण्याच्या फ्लॅटसाठी तिकडचं वेगळं विल करा, दोन साक्षीदार पुरतात. पण इथल्या रेडीमेड विलमध्ये पहिल्याच परिच्छेदात "आधीची सगळी विलं रद्द" असं छापलेलं असतं, आधी भारतातलं आणि नंतर इथलं सही केलंत तर पुण्याचं विल आपल्याच हाताने उडवाल. तेवढी ओळ बदलून घ्या. आणि पुढे कायमचे परत जाऊन इथलं घर ठेवायचा विचार असेल तर वकील गाठाच, नॉन-रेसिडेंट झालात की इस्टेट टॅक्समधली (माणूस गेल्यावर मालमत्तेवर लागणारा टॅक्स) सूट ६० हजार डॉलरवर येते.

फ्रीमाँटकर:
बापरे, पुण्याचं विल बाबांनी २०२२ लाच करून घेतलंय माझ्याकडून!! म्हणजे थोडक्यात वाचलो. ट्रस्ट स्वतः लिहितो, डीड आणि विल तासाची फी देऊन तपासून घेतो. गार्डियनवरून मात्र घरात महायुद्ध चालू आहे, माझा भाऊ की तिची बहीण.

खाडीपलीकडची:
आमचं तेच दोन महिने चाललं होतं 😄